व्याह्यांबरोबर सात तळी

माणसानं एरवी काय वाटेल ते बोलावं, पण आकडा बोलू नये. बोलायचाच झाला तर एका हाताच्या बोटांवर मावेल एवढाच बोलावा. आणि समोर व्याही बसलेले असतील तर दोन्ही हात खिशात घालून गप्प बसावं. कोपरखैरण्याच्या अरविंद सबनीसांना एवढं व्यवहारज्ञान नव्हतं अशातला भाग नाही. पण त्या संध्याकाळी इंद्रजितराव, म्हणजे त्यांच्या श्रुतीचे होणारे सासरे, सोफ्यावर बसून मोबाइलमधले फोटो दाखवत होते आणि फोटो संपता संपत नव्हते.

फोटो विलायतेतले. इंद्रजितराव पुण्याचे, आणि साठीला टेकता टेकता सायकलीच्या नादी लागलेले. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी तिकडच्या कुठल्याशा तळ्यांच्या मुलखात आठवडाभर सायकल हाणली होती. हिरवी टेकडी, टेकडीखाली तळं, तळ्याकाठी मेंढी, मेंढीशेजारी इंद्रजितराव. पुढच्या फोटोत दुसरी टेकडी, दुसरं तळं, दुसरी मेंढी, इंद्रजितराव तेच.

"चढ लागला की वाटतं, संपलं आता. आणि माथ्यावर पोचावं तर खाली निळंशार पाणी! अरविंदराव, आपल्याकडे हे नाहीच हो."

हे 'नाहीच' अरविंदरावांना झोंबलं. मुलीच्या बापानं काय काय ऐकून घ्यायचं यालाही काही सीमा असते.

"नाही कसं? आमच्या नवी मुंबईत तळ्यांना काय तोटा? सात तळी आहेत, सात!"

सातच का, याचं उत्तर कीर्तनात आहे. अरविंदराव म्हणजे कीर्तनाचे अट्टल श्रोते. सेक्टरातल्या दत्तमंदिरात बुवा उभे राहिले की पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेला, पूर्वरंगात डोळे मिटणारा, उत्तररंगात डोळे पुसणारा आणि गजराला मान हलवताना शेजाऱ्याच्या खांद्यावर आपटणारा गृहस्थ दिसला, तर ते अरविंदराव समजावेत. आणि कीर्तनात काहीही मोजायला काढलं तरी ते सातच भरतं. समुद्र सात, पाताळं सात, ऋषी सात, सूर सात, सूर्याच्या रथाचे घोडेसुद्धा सात. जिभेला वळण पडलं, त्याला बिचारे अरविंदराव काय करणार!

"वा!" इंद्रजितराव ताठ बसले. "मग येत्या रविवारी करूनच टाकू. मी सायकल गाडीवर टाकून घेऊन येतो."

पाहुणे लिफ्टमध्ये शिरेपर्यंत जयमालाबाई हसतमुख होत्या. दार लागलं.

"सात?"

"असतील ग. गावागणिक तळं असतं इकडे."

"बोनकोड्याचं सोडून एक तरी बघितलंय का तुम्ही? आणि सायकलवर शेवटचे कधी बसला होतात?"

"सायकल एकदा आली की माणूस विसरत नाही."

"माणूस विसरत नाही हो. गुडघे विसरतात."

लग्न काही यावरून मोडणार नव्हतं. पण एकदा का सासरी कळलं की मुलीचा बाप सैल तोंडाचा आहे, तर पुढे जन्मभर त्या घरात कुणी वाढवून बोललं की 'हे सबनीसांचे सात बरं का' असं म्हणणार, आणि ते म्हणताना श्रुती पोळ्या वाढत असणार. हे चित्र अरविंदरावांच्या डोळ्यांसमोरून हलेना. तळी सातच भरायला हवी होती.

सायकल होती. पार्थ, म्हणजे चिरंजीव, नोकरीसाठी बंगळूरला गेला तेव्हा ती बाल्कनीत ठेवून गेला होता आणि तेव्हापासून तिच्यावर टॉवेल वाळत असत. ती खाली न्यायची, तर सोसायटीचे सेक्रेटरी कृष्णात भोईटे लिफ्टच्या दारात आडवे आले.

"साहेब, लिफ्टमध्ये वाहन अलाऊड नाही. जनरल बॉडीत ठराव झालाय."

"अहो, हे वाहन नाही, सायकल आहे."

"चाकं आहेत ना? मग वाहन."

"मग गोखल्यांच्या आजींची व्हीलचेअर?"

भोईटे विचारात पडले. तो विषय पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर घेण्यात आला, आणि अरविंदरावांनी सायकल खांद्यावर घेऊन जिना उतरायला सुरुवात केली. मजल्यामजल्यावर दारं उघडली आणि प्रत्येक दारातून एकेक सल्ला बाहेर पडला. हवा कमी ठेवा, उन्हात टायर फुटतात. हवा टम्म ठेवा, खड्ड्यात रिम वाकते. सीट उंच करा. सीट खाली घ्या. सीटच काढून टाका, त्यानं प्रोस्टेटचं टेन्शन येतं, माझ्या मेव्हण्याला आलं होतं. तळमजल्यावर पोचेपर्यंत अरविंदरावांना एवढंच कळलं, की अख्ख्या इमारतीत सायकल चालवणारा एकही इसम नाही आणि तज्ज्ञ नसलेलाही एकही नाही.

घंटी गंजून मुकी झाली होती. अरविंदरावांनी देवघरातले टाळ आणून हँडलला सुतळीनं बांधले. रस्त्यात खड्ड्यांची कमतरता नसल्यानं ते आपोआप वाजत. पुढचा माणूस वळून बघे, बाजूला होई आणि हात जोडे. जगातल्या कुठल्या घंटीला हा मान आहे?

असो. शनिवारी रात्री त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर निरोप टाकला: 'उद्या सकाळी व्याह्यांसोबत सात तळी. सर्वांच्या शुभेच्छा असाव्यात.' आणि इथेच कथेला फाटा फुटला.

मराठी ही मोठी लाघवी भाषा. तळं हा शब्द अनेकवचनात गेला की त्याची तळी होते. पण साताऱ्याकडच्या घरात तळी म्हटलं की डोळ्यांसमोर पाणी येत नाही, खंडोबा येतो. ताम्हणात पानसुपारी, खोबरं आणि भंडारा ठेवायचा, तळी भरायची, आणि पाच-सात जणांनी मिळून ती उचलायची, येळकोटाच्या गजरात. दुसऱ्या मजल्यावरचे बाबासो घोरपडे हे खटावकडचे. वाशीच्या बाजारात माथाडी. पाठीवर आयुष्यभर पोती आणि कपाळावर भंडारा. त्यांनी निरोप वाचला आणि बायकोला हाक मारली.

"शालन, सबनीससायबांची लग्नाआदी तळी हाय उद्या. व्याह्यांसंगट."

"बामनाघरी? कीर्तनवाली मान्सं ती."

"नवस आसल. आन सात हाईत! एका लग्नाला सात. लई अडलेलं काम दिसतंय."

"पोरीचं काय आसल का हो?"

"ते आपन इचारू ने. आपन जायाचं आन उचलू लागायचं."

नुकतंच अभिरामबुवा दत्तमंदिरात म्हणाले होते, की हाक चुकीची मारली तरी देव ओ देतो, कारण देवाला व्याकरण येत नाही. तेव्हा सगळ्यांत जोरात मान अरविंदरावांनीच हलवली होती. आपल्याच एका अनेकवचनावर देव ओ द्यायला निघालाय, हे त्यांना काय माहीत!

रविवारी सकाळी इंद्रजितराव हजर झाले. अंगाला घट्ट चिकटलेला पांढरा शुभ्र पोशाख, डोक्याला शिरस्त्राण, डोळ्यांवर चष्मा आणि दोन बोटांनी उचलता येईल अशी सायकल. अरविंदराव कीर्तनाच्या झब्ब्यात होते. दोघं शेजारी उभे राहिले तेव्हा धूमकेतू आणि धोबी असं काहीसं दृश्य झालं, असं जयमालाबाईंचं प्रामाणिक मत, पण त्या बोलल्या एवढंच, "सांभाळून."

बोनकोड्याचं तळं जवळ, सकाळ कोवळी, पाय ताजे. पण तळ्याच्या फाटकाशी रखवालदार बसला होता.

"सायकल आत नाय."

"आम्हाला तळं बघायचंय."

"तुमी बघा ना. सायकलनं कशाला बघायला पायजे?"

सायकल बाहेर ठेवायला इंद्रजितराव तयार होईनात. शेवटी एकानं दोन्ही सायकली धरायच्या आणि दुसऱ्यानं आत जाऊन यायचं, असं पाळीपाळीनं दर्शन झालं. अरविंदराव सायकली धरून उभे असतानाच फोन वाजला.

"अरविंदराव, बाबासो बोलतुय. पयली कुटं भरायची?"

"पहिलं बोनकोड्याचं. ते भरलेलंच आहे."

"भरली? आमाला न बोलावता? कुनी भरली?"

"कुणी म्हणजे? पावसानं!"

"बरं... आन उचलायला कितीजन हाव?"

दोन्ही दंडांवर दोन सायकली रेललेल्या. अरविंदराव म्हणाले, "मी आणि व्याही, दोघंच. पण उचलायची वेळच येऊ नये, अशी प्रार्थना करा."

"आसं वंगाळ बोलू नगा! आन दोघांत उचलायची नसती. इषम मान्सं लागत्यात. पाच तरी."

"पाच? अहो, एवढी जड नाहीये ती."

"जडपनाचा सवाल न्हाय, रीत हाय. तुमी काय बी टेन्शन घिऊ नगा. म्या करतो समदं."

साताऱ्याकडे सायकल उचलायचीसुद्धा रीत असते, याचं अरविंदरावांना मोठं कौतुक वाटलं.

दुसरं तळं खाडीच्या अंगाला. भरतीचं पाणी गावात शिरू नये म्हणून बांधलेला तो धारण तलाव. वासावरून सापडला, विचारावं लागलं नाही. इंद्रजितरावांनी फोटोसाठी मेंढी शोधली. मेंढी नव्हती, बकरी होती. ती विलायती मेंढीसारखी नम्रपणे बाजूला उभी राहणारी नव्हती. तिनं अरविंदरावांच्या पिशवीतली केळी सालासकट खाल्ली आणि मग झब्ब्याच्या कोपऱ्याला तोंड घातलं. ओढाताणीत कोपरा तिच्याकडे राहिला, झब्बा अरविंदरावांकडे. "छान आलाय फोटो," इंद्रजितराव म्हणाले, "अगदी जिवंत."

तिसऱ्या तळ्यासाठी ते घणसोलीच्या एका गल्लीत शिरले. शिरले ते शिरलेच. गल्लीला गल्ली फुटत होती, पण पाण्याचा थेंब दिसेना. एका ओट्यावर राहीबाई म्हणून म्हातारी सुकट निवडत बसली होती.

"आजी, इकडे तळं कुठे आहे?"

राहीबाईंनी एकदा लोंबणारे टाळ बघितले, एकदा इंद्रजितरावांचा घट्ट पोशाख बघितला, आणि पदर तोंडाला लावला. "तला? तुमी उभं हाव न, त्योच त तला."

"म्हणजे?"

"बुजवला कवाच. आता गारी लावतान त्यावर. तुजी सायकल हाय न, तिथं आमी कपरं धुवाचो."

अरविंदरावांनी खाली बघितलं. डांबर होतं. इंद्रजितराव सभ्यपणे दुसरीकडे बघत होते, आणि व्याह्यांचा सभ्यपणा हा फार बोचरा प्रकार असतो. पण कीर्तनातली बैठक अशा वेळी वाया जात नाही. अरविंदराव गंभीरपणे म्हणाले, "प्रयागला दोनच नद्या दिसतात. म्हणून त्रिवेणीला कुणी द्विवेणी म्हणतं का? सरस्वती गुप्त आहे. हे आमचं गुप्त तळं."

इंद्रजितरावांनी डांबराचा फोटो काढला. तीन.

चौथ्या तळ्यावर विसर्जनाच्या पायऱ्यांशी टायर बसला. पंक्चरवाल्यानं चाक उघडून आधी टाळांना नमस्कार केला आणि मग ट्यूब बदलायलाच लागेल म्हणून सांगितलं. इतक्यात पुन्हा बाबासो.

"खोबरं वाटी लावू का तुकडं?"

अरविंदरावांना भूक लागली होती आणि केळी बकरीच्या पोटात होती. "काहीही चालेल हो, पण भरपूर ठेवा," ते कळवळून म्हणाले.

तिथून महापे. वाटेत ठाणे-बेलापूर रस्त्यावरचा पूल लागला आणि इंद्रजितराव वर बघून खुलले. "चढ!" त्यांनी पाखरासारखी सायकल वर नेली. अरविंदराव मधूनच उतरले आणि सायकलच्या आधारानं चालू लागले. की सायकल त्यांच्या आधारानं चालू लागली, हे मागच्या टेम्पोवाल्याला ठरवता आलं नसतं. त्यानं हॉर्न दिला. टाळ वाजले. टेम्पोवाल्यानं हॉर्न सोडून हात जोडले.

माथ्यावर पोचल्यावर खाली निळंशार पाणी असतं म्हणे. खाली निळेशार पत्रे होते.

पाचवं तळं एका कंपनीच्या आवारात होतं, कारंजं असलेलं, शोभेचं. फाटकावरच्या रक्षकानं वही पुढे केली.

"किससे मिलना है?"

"किसीको नहीं. हमको तळे देखना है."

"तले साब? कौनसे माले पे बैठते हैं?"

"साब नहीं हो, तळे! पानी का!"

"अच्छा, पानी डिपार्टमेंट." त्यानं आत फोन लावला, बराच वेळ ऐकलं आणि सहानुभूतीनं म्हणाला, "तले मॅडम हैं, अकाउंट में. पर आज संडे है. कल फोन करके आना."

तेव्हा तळेमॅडमच्या गैरहजेरीत दोघांनी कुंपणाच्या जाळीतून कारंजं बघितलं. सहावं वर डोंगराच्या कुशीत, बंद पडलेल्या खाणीत साचलेलं. ते मात्र खरंच हिरवंगार आणि खोल निघालं. वरच्या झाडीतून एक खंड्या सूर मारून गेला आणि इंद्रजितराव प्रथमच फोटो काढायचा विसरले. दोघं दगडावर शेजारी शेजारी बसले. अरविंदरावांच्या उजव्या पोटरीत गोळा आला होता, तो इंद्रजितरावांनी न सांगता दाबून दिला.

"सहा झाली," ते म्हणाले. "आता सातवं."

सातवं नव्हतं. अरविंदरावांच्या माहितीत नव्हतं, मोबाइलच्या नकाशात नव्हतं, पृथ्वीच्या पाठीवर असलं तर सायकलच्या टप्प्यात नव्हतं. "परतीच्या वाटेवर आहे," ते पुटपुटले. वाटेत त्यांनी एक फुटलेली पाइपलाइन आशेनं निरखून बघितली, पण तिच्याभोवती महापालिकेची माणसं उभी होती. एका सोसायटीचा पोहण्याचा तलाव दिसला. त्यात पाणी नव्हतं. कोपरखैरण्याचा सिग्नल आला तसा अरविंदरावांनी मनाशी निश्चय केला. फाटकापाशी उतरायचं, हात जोडायचे आणि सांगून टाकायचं. हरिश्चंद्रानं राज्य सोडलं, आपण एक तळं सोडू.

फाटकापाशी ते उतरले. हात जोडले. "इंद्रजितराव, एक सांगायचं होतं. सातवं जे आहे ना..."

"आले! आले!" आतून आरोळी उठली.

पार्किंगमध्ये सतरंजी अंथरली होती. चौरंगावर ताम्हण, ते आपल्याच देवघरातलं, हे अरविंदरावांनी कडेच्या पोच्यावरून ओळखलं. ताम्हणात पानं, सुपाऱ्या, खोबऱ्याचा डोंगर आणि मधोमध भंडाऱ्याची पिवळीधमक रास. भोवती बाबासो, बाजारातला त्यांचा एक जोडीदार आणि टोपी घातलेले सेक्रेटरी भोईटे. मागे शालनताई आणि जयमालाबाई.

"हे काय?" अरविंदरावांनी बायकोला खालच्या आवाजात विचारलं.

"तुमची सात तळी," जयमालाबाई तितक्याच खाली म्हणाल्या. "शालनताई ताम्हण मागायला आल्या तेव्हा मला उलगडा झाला. आता दारात आलेल्या देवाला काय सांगायचं, की तुझा पत्ता चुकलाय?"

अरविंदरावांनी भीत भीत मागे वळून बघितलं.

इंद्रजितरावांनी शिरस्त्राण काढलं होतं. काळा चष्माही काढला होता, आणि आता ते पायांतले बूट काढत होते.

"अरविंदराव," ते म्हणाले, "खंडोबा आमचं कुलदैवत. आमच्यात लग्नाआधी दोन्ही व्याह्यांनी मिळून तळी उचलायची, असं वडिलांपासून चालत आलंय. पण राजवर्धन, तुमचा होणारा जावई, म्हणाला, बाबा, ती माणसं वेगळ्या वळणाची, उगाच अवघडवू नका त्यांना. म्हणून मी शब्द काढला नाही. मनात मात्र राहून गेलं होतं हो. आणि तुम्ही पहिल्या दिवसापासून म्हणताय, सात तळी, सात तळी! मी वेडा सकाळपासून पाणी मोजतोय! सहा झाली आणि सातवी तळी... ही! ही दारातच होती!"

पण अरविंदरावांच्या अंगातला हरिश्चंद्र अजून उतरला नव्हता. इतक्या भल्या माणसाला अंधारात ठेवायचं? त्यांनी सत्य सांगायला तोंड उघडलं, "त्याचं असं झालं, इंद्रजितराव, की खरं म्हणजे..."

जयमालाबाईंनी त्या उघड्या तोंडात खोबऱ्याचा मोठा तुकडा घातला.

"प्रसाद तळी उचलल्यावर द्यायचा असतो वहिनी," भोईटे म्हणाले.

"ह्यांना आधीच द्यावा लागतो," जयमालाबाई म्हणाल्या.

मग ताम्हणाला पाच जणांचे हात लागले. बाबासोंचे पोत्यांनी राठ झालेले, जोडीदाराचे, भोईट्यांचे, इंद्रजितरावांचे आणि हँडल धरून धरून लाल झालेले अरविंदरावांचे. "येळकोट येळकोट जय मल्हार!" बाबासोंनी अशी ललकारी दिली की तिसऱ्या मजल्यापर्यंतच्या खिडक्या उघडल्या. ताम्हण तीनदा वर गेलं. तिसऱ्यांदा ते वर गेलं तेव्हा अरविंदराव तोंडातल्या खोबऱ्यासकट ओरडत होते, आणि त्यांची मान गजराच्या तालात डोलून इंद्रजितरावांच्या खांद्यावर आपटत होती. भंडारा उधळला. इंद्रजितरावांचा विलायती पांढरा पोशाख क्षणात जेजुरीचा झाला. ते तसेच पुढे आले आणि त्यांनी व्याह्यांना कडकडून मिठी मारली. ती मारायची म्हणजे मध्ये अरविंदरावांच्या कमरेला टेकलेली सायकल होती, पण टाळ वाजले आणि ती आपणहून बाजूला पडली.

सगळं निवल्यावर शालनताईंनी चहा फिरवला. इंद्रजितराव पिवळ्या बोटांनी पुण्याला फोटो पाठवत होते. अरविंदराव सतरंजीवर पाय पसरून, पोटरी चोळत, भिंतीला टेकून बसले होते. सात भरले होते. श्रुती आता खुशाल पोळ्या वाढू शकत होती. बुवांच्या त्या व्याकरणाच्या वाक्याला आपण मान हलवली ती काही उगीच नाही, असं त्यांना डोळे मिटून वाटत होतं.

बाबासो शेजारी येऊन टेकले. बशीतला चहा फुंकून प्यायले, मिशी पुसली आणि समाधानानं म्हणाले,

"चला, एक झाली झ्याक. आता बाकीच्या सहा कवा उचलायच्या, अरविंदराव?"